पाऊण वाजल्यानंतरच्या दोन सिरिंजा

आमच्या गल्लीत म्हणत असत, नांग डेलिंगच्या हाती आभाळ दिलं तर ती आधी ढग मोजील आणि मग पावती फाडील. तिच्याकडे बोलणाऱ्याच्या तोंडावर दार लावण्याइतकाही उत्साह उरलेला नसे. ती संध्याकाळी इस्पितळातून येई, चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवी आणि दिवा न लावता बराच वेळ नुसती बसून राही.

फिदेला नुफाब्ले हे तिचं कागदोपत्री नाव; नांग म्हणजे ताई. मियागाओ गावाहून ती इलोइलो शहरात आली आणि तिथल्या मोलो भागातल्या एका खाजगी इस्पितळाच्या बिलाच्या खिडकीमागे तिने एकोणतीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. बहिणीची मुलगी शार्मेल शिकायला तिच्याकडे आली, ती तिथेच राहिली. तिच्या नर्सिंगची फी डेलिंगने जादा पाळ्या करून भरली. पुढे शार्मेल त्याच इस्पितळात लागली, आणि दोन वर्षांनी तिला इंग्लंडमधली नोकरी मिळाली. एकवीस तारखेचं विमान होतं. सूटकेस डेलिंगनेच आणली होती, निळी, कुलपाची.

डेलिंगच्या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग होता तो फ्लशचा. पेशंटच्या हातात बसवलेली नळी रक्ताने बंद होऊ नये म्हणून दर चार तासांनी निर्जंतुक खाऱ्या पाण्याच्या सिरिंजने ती धुवायची असते. सिरिंजच्या वेष्टनावरची चिकटपट्टी सोलून बिलाच्या कागदावर लावायची, आणि चार्टवर वेळ लिहून सही करायची. पट्ट्या आणि वेळा जुळल्या तरच डेलिंग बिल करी. एका सिरिंजचे पंच्याऐंशी पेसो. कुठल्याही बिलात सर्वांत खालची ओळ तीच, आणि तिच्याकडे दुसरं कोणी बघत नसे.

तिर्सो गार्गानेरा नावाचा गिंबाल गावचा, जीपनी म्हणजे प्रवासी जीपगाड्या दुरुस्त करणारा एक मेकॅनिक न्यूमोनियाने सहा दिवस पडून होता. मंगळवारी दुपारी पाऊण वाजता तो गेला. तीन वाजता त्याचे कागद खिडकीवर आले. डेलिंगने पट्ट्या मोजल्या. त्या दिवशीच्या चार. चार्टवर वेळाही चारच: सहा, दहा, दोन आणि पुन्हा सहा. दोनला माणूस नव्हता, आणि संध्याकाळचे सहा अजून वाजायचे होते. चारही ठिकाणी एकच सही होती, शार्मेलची.

यात नवल काही नव्हतं. सहा ते सहाच्या पाळीत एकेका नर्सकडे अठ्ठावीस पेशंट असत, आणि सकाळीच दिवसभराच्या वेळा लिहून, पट्ट्या लावून मोकळं होण्याची रीत सगळ्यांचीच होती. रीत निभून जाई, कारण पेशंट सहसा मधेच मरत नसत.

हेडनर्स ओर्टालेझ स्वतः खाली आल्या.

"नांग, अहो दोन सिरिंजा. एकशे सत्तर पेसो. मी देते पर्समधून, झालं?"

"पैशांचं नाही मॅम. वेळेचं आहे."

"वेळ कोण बघतंय एवढी?"

"सरकारी विम्याचा माणूस बघतो. आधी मेल्याची वेळ बघतो, मग चार्ट. जुळलं नाही की अख्खी फाईल परत. बत्तीस हजार. ते मग त्याच्या बायकोनं भरायचे. तशी हमी तिनं सकाळीच सही करून दिलीय."

"मग पोरीला पान नव्यानं लिहू दे ना."

"त्या पानावर डॉक्टरांच्या तीन सह्या आहेत. त्या कोण करणार, मी?"

मॅमनी खिडकीत वाकून सही पाहिली. मग हलकेच म्हणाल्या, "तुमचीच आहे हो ती."

"म्हणूनच तर सही लगेच ओळखू आली," डेलिंग म्हणाली, आणि शार्मेलला बोलवायला सांगितलं.

चुकीची नोंद रेघ मारून दुरुस्त करता येते. पण पेशंट गेल्यानंतरच्या वेळेची नोंद असेल तर सोबत लेखी अहवाल द्यावा लागतो, चौकशी होते, आणि ती संपेपर्यंत इस्पितळ वर्तणुकीचा दाखला देत नाही. इंग्लंडला तोच दाखला जायचा राहिला होता. हे दोघींनाही ठाऊक होतं.

"तिया, माझं विमान एकवीसला आहे." मावशीला ती तिया म्हणे.

"माहीत आहे."

"सगळ्याच सकाळी लिहून टाकतात. एकटी मीच का?"

"कारण तुझा पेशंट मेला."

"अठ्ठावीस होते गं मला! पाणी प्यायला वेळ नव्हता!"

"खरं आहे. अहवालात तेही लिही. सिरिंजा कुठायत?"

शार्मेलने खिशातून दोन सिरिंजा काढून खिडकीत ठेवल्या. दोन्ही न उघडलेल्या. डेलिंगने परतीची चिठ्ठी लिहिली आणि चार्ट पुढे सरकवला. पोरीने दोन रेघा मारल्या, बाजूला खरी हकिकत लिहिली, सही केली आणि वर निघून गेली. मान वर केली नाही.

तिर्सोची बायको रोसेंडा बाकावर त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. पाच वाजता तिला हाक मारली तेव्हा ती चिडून म्हणाली, "माणूस गेला माझा. तुमचं अजून काय राहिलं होतं?"

"काही नाही. इथे सही करा," डेलिंग म्हणाली. चपलांसाठी एक पिशवी काढून दिली.

विमा महिन्याभरात मंजूर झाला. चौकशी चार महिने चालली. इंग्लंडची जागा दुसऱ्या कोणाला गेली. शार्मेल निळी सूटकेस घेऊन शहरातच हारोला एका खोलीत राहायला गेली, आणि पुढच्या वर्षी रियाधला, कमी पगारावर. तिथून ती आईला फोन करते. डेलिंग अजून खिडकीवर आहे. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, आणि ते तिला एकोणतीस वर्षांपेक्षा लांब वाटतात असं एकदा म्हणाली होती.

गेल्या शनिवारी शेजारची इसिंग डेलिंगच्या मोरीपाशी तिच्यासोबत मासे साफ करायला बसली होती. इसिंगला गप्प बसवत नाही.

"घर रिकामं करून घेतलंस, डेलिंग. त्या मेकॅनिकच्या बायकोला तर तुझं नावही ठाऊक नाही. पोटच्यासारखी पोर ती. दोन सिरिंजांकडे डोळा झाकला असतास तर काय बिघडलं असतं?"

डेलिंगने हातातला मासा पालथा केला, दुसऱ्या बाजूची खवलं काढली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाली,

"तो पाऊण वाजता मेला होता, इसिंग. सहा वाजता कोणाची नळी धुतली म्हणून लिहू? तुझी?"