निळी पानवेल

शेजारच्या काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी प्रभादेवीला लेकीकडे गेल्या आणि आमच्या परळच्या चाळीतली त्यांची पानवेल माझ्या ताब्यात आली. गॅलरीत प्लॅस्टिकच्या पिंपात लावलेली, तळकोकणातून आणलेली वेल. काकू दोन्ही जेवणांनंतर तिचंच पान खातात. विकतच्या पानाला त्या गवत म्हणतात.

“रोज पाणी घाल रे,” एवढंच त्या सांगून गेल्या. मी शब्दाचा पक्का. पाऊस तिरपा होऊन गॅलरीत शिरायचा, तरी एका हातात छत्री नि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो. समोरच्या खोलीतली माणसं हा प्रयोग खुर्च्या टाकून बघत.

महिन्याभरात खालच्या पानांवर काळपट, ओलसर डाग पडले. मग ती सडून गळायला लागली. बुंध्याशी खोड काळं पडलेलं. काकू पुढच्या रविवारी परतणार होत्या.

गावी सुपारीची बाग सांभाळणाऱ्या मामेभावाला फोन केला.

“पाणी किती घालतंस?”

“दोन वेळा.”

“पावसात? मगे बरोबर. बुडवन मारलंस तिका.”

ही बुरशी आहे, साचलेल्या पाण्यात माजते, त्याच्याकडे पावसाळ्यात सुपाऱ्याही अशाच गळतात, असं तो म्हणाला. पाणी बंद कर, पिंपाची भोकं मोकळी कर, सडकी पानं तोडून पिशवीत बांधून टाक, आणि मोरचूद नि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवार, बुंध्याशीही ओत. मोरचुदाचे निळे खडे मी दादरहून आणले. चुना नाक्यावरच्या पानवाल्याकडून. वाटीभर चुना मागितल्यावर त्याने माझ्या दातांकडे काळजीने पाहिलं.

मोरचूद एका प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवायचं, चुना दुसऱ्या बादलीत, मग दोन्ही एकत्र. त्यात लोखंडी सुरी बुडवायची. सुरीवर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजायचं. माझी सुरी लालबुंद निघाली. पानवाल्याच्या चुन्यात निम्मं पाणीच असणार. दोनदा आणखी चुना घातला, तेव्हा कुठे ती स्वच्छ निघाली. मी ती प्रेक्षकांना फिरवून दाखवली.

फवारून झालं. वेल नखशिखांत निळी. चार दिवसांत नवा डाग नाही. मी ऐटीत मामेभावाला फोन लावला.

“आता रविवारी काकू खुशाल पान लावतील.”

“पान खातत ते?”

“मग पानवेलीचं दुसरं काय करतात?”

“अरे, सुपारेक साल असता, ती आम्ही सोलून टाकतंव. पानाक काय असता? ता निळा पान कोणाक खाऊक देव नको. नवी पानां फुटतीत, ती खा.”

रविवारी काकू काठी टेकत आल्या त्या खोलीत न जाता थेट वेलीकडे. दीड महिना लेकीने त्यांना बडीशेपेवर ठेवलं होतं. त्यांनी पानाला हात घातला आणि मी मध्ये उभा राहिलो. छत्री, तांब्या, सुरी, सगळं सांगितलं, अभिनयासकट. काकू एकदाही हसल्या नाहीत. वाकून त्यांनी खोड नखाने खरवडलं. आत हिरवं होतं.

“येल वाचली,” त्या म्हणाल्या. “आता नवी पानां येयपर्यंत रोज पानां तू आणूची.”

तीन आठवडे मी दादरहून पानं आणली. जाड, तिखट, शिळं, पुन्हा शिळं, असे शेरे ऐकले. मग वेलीच्या शेंड्याला फवारणीनंतर फुटलेली दोन पानं हाताएवढी झाली. काकूंनी एक तोडलं, धुतलं, पुसलं, चुना-कात लावून घडी घातली आणि माझ्यापुढे धरलं.

“आधी तू खा.”

मी खाल्लं. त्यांनी मला समोर बसवून ठेवलं, माझ्या तोंडाकडे बघत. अर्ध्या तासाने उठल्या आणि दुसरं पान तोडलं.