सासूबाई कोठीत अडकल्या तेव्हा

माझे वडील कारंज्याच्या बाजारात कुलपं दुरुस्त करायचे. थोडी शेती होती, पण घर चालायचं ते कुलपांवर. त्यांच्याजवळ बसून बसून मलाही ते काम येऊ लागलं. वडिलांना त्याचं कौतुक होतं, आईला मात्र धास्ती. लग्न ठरलं तेव्हा तिनं मला जवळ बसवून बजावलं, "सासरी कुलपाचं नाव काढू नोको. सुनेले कुलपं उघडता येतात म्हटल्यावर लोक काय म्हनतीन? चोराच्या घरची पोरगी आनली म्हनतीन!"

मी मान डोलावली. पण निघायच्या आधी वडिलांनी पेच काढायचा आपला छोटा पेचकस माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत सरकवून दिला. "राहू दे," एवढंच म्हणाले.

सासर रिठदचं. महायुद्ध सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. घरात सासू-सासरे, माझा नवरा आणि लग्नाची नणंद. सासूबाई अंगानं भरलेल्या आणि आवाजानं त्याहून दणदणीत. पहिले तीन महिने मी "हो आत्याबाई" आणि "नाही आत्याबाई" यापलीकडे फारसं बोललेच नाही. सासऱ्यांशी, म्हणजे मामाजींशी, तर एक शब्दही नाही.

मामाजींनी त्या साली एका फिरत्या विक्रेत्याकडून दाराला बसवायचं कुलूप घेतलं होतं. कोठीच्या खोलीच्या सागवानी दाराला ते आतून चार पेचांनी बसवलेलं. दार ओढलं की खटकन लागायचं. मग आतून मूठ फिरवायची, नाहीतर बाहेरून चावी लावायची. चावी मामाजींच्या करगोट्याला. असं कुलूप गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, त्यामुळे घरी आलेल्या प्रत्येकाला ते दोनदा लावून-उघडून दाखवलं जायचं. मी मात्र पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं, की त्या खटक्यात दम नाही. आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, कधीतरी दगा देणार. पण बोलायची सोय कुठं होती?

कमानीनं दगा दिला तो नेमका नणंदेला पाहायला वाशीमचे पाहुणे येणार होते त्या दिवशी. सासूबाई शेवया आणि तूप काढायला कोठीत गेल्या. वाऱ्यानं दार लोटलं गेलं. आतून मूठ हलेना, बाहेरून चावी अर्ध्यावर येऊन अडू लागली.

"अवो, उघडा ना!" सासूबाई आतून ओरडल्या.

"उघडूनच राह्यलो ना!" मामाजींना घाम फुटला होता.

"पाहुने येतीन ना आता! कायले आनलं हे कुलूप?"

"तू कायले दार लोटलं?"

"मी लोटलं? वाऱ्यानं लोटलं! आता त्यालेच बोलवा उघडाले!"

शेवटी मामाजींनी माझ्या नवऱ्याला कुऱ्हाड आणायला पाठवलं. त्याची चाहूल आत लागली. "खबरदार दाराले कुऱ्हाड लावसान तं! माह्या बापानं देल्लं सागवान हाये ते!"

नवरा कुऱ्हाड घेऊन उभा, मामाजी कपाळाला हात लावून. पाहुण्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचाच काय तो बाकी होता. मला आईचे शब्द आठवत होते. पण ते दार डोळ्यांदेखत फुटलेलं मला बघवलं नसतं.

"मामाजी," मी म्हणाले, "मले येते ते कुलूप काढता."

सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू भिंतच बोलली.

"तुले?"

"हो. पन बाहेरून नाही. आतून आत्याबाईंलेच काढा लागन. तुमी फक्त चावी बाहेर काढा."

मी धावत जाऊन ट्रंकेतून पेचकस आणला. कोठीला परसाच्या बाजूनं उंचावर एक झरोका होता. नणंदेनं पेचकस काठीच्या टोकाला बांधून त्यातून आत सोडला. मी परत दाराशी येऊन बसले.

"आत्याबाई, कुलपाच्या चार कोपऱ्यांले चार पेच हायेत. वरून सुरू करा. डाव्या हाताकडं फिरवा."

आतून धापा टाकल्याचा आवाज. "फिरत नाही व हे!"

"तुमी उजवीकडं फिरवून राह्यल्या."

"तुले कसं दिसलं?"

"आवाज येते ना."

आत पेचकस उलट फिरला. मग पेच कुरकुरत सैल झाला आणि टपकन खाली पडला. नणंद हसू दाबत बसली होती. दुसराही निघाला. तिसरा मात्र गंजला होता.

"त्याच्यावर तुपाचा थेंब सोडा आन् जरासं थांबा."

"पाहुन्याचं तूप कुलपाले?"

"थेंबच सोडा, आत्याबाई."

चौथा पेच निघाला तसं कुलूप धप्पकन जमिनीवर पडलं आणि दार उघडलं. सासूबाईंच्या कपाळाला पीठ, बोटांना तूप, हातात पेचकस. पाहायला आम्ही चौघंच नव्हतो. या सगळ्या गडबडीत पाहुणे केव्हाच अंगणात येऊन उभे राहिले होते.

सासूबाईंनी पदर सावरला आणि मला विचारलं, "कोठून शिकली हे?"

"माह्या बापाजवळून. ते कुलपं दुरुस्त करतात कारंज्याले," मी खाली बघत म्हणाले. आता काय ऐकावं लागतं, या भीतीनं कान तापले होते.

"मंग तीन महिने तोंड शिवून बसली होती काय? मी रोज ह्या दारातून जीव मुठीत धरून जाऊन राह्यली!" आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "आमची सून हाये. या, बसा. शेवया व्हाच्याच हायेत."

नवरदेवाचे वडील खो खो हसायला लागले. त्या हसण्यातच अर्धी बोलणी झाली म्हणा ना. त्यांचं वाशीमला दोर, विळे, मोटा असल्या शेतीच्या सामानाचं दुकान होतं. जेवताना ते म्हणाले, "आमच्या दुकानाच्या मागच्या दाराले दोन महिन्यांपासून चावीच जात नाही. तीन चाव्या नव्या केल्या. सूनबाईंले घेऊन या एकदा."

सोयरीक जमली आणि पंधरा दिवसांनी साखरपुड्याची खरेदी करायला आम्ही बैलांच्या दमणीतून वाशीमला गेलो. सासूबाईंनी कापडाच्या दुकानाआधी मला त्या मागच्या दाराशी नेलं. मी वाकून चावीच्या भोकात पाहिलं आणि तारेच्या आकड्यानं जरा कोरलं. लाल मातीचा भुगा पडला. आणखी कोरलं तर तीन-चार वाळके कोळी पडले.

"हे काय व?" सासूबाई मागं सरकल्या.

"कुंभारमाशीनं मातीचं घर केलं, पिल्लांसाठी कोळी भरून ठेवले," मी म्हणाले. "कुलूप चांगलं हाये. चाव्याही चांगल्याच हायेत."

नवरदेवाच्या वडिलांनी त्या तीन नव्या चाव्यांकडे पाहिलं आणि स्वतःच्याच डोक्यावर टपली मारली. माती झाडून थोडं तेल सोडलं, तर त्यांची जुनी चावीच लोण्यात जावी तशी फिरली. सासूबाई दोरांच्या वेटोळ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत होत्या, "हिच्या कानाले कुलपाचं दुखनं समजते."

पुढं रिठदमध्ये माझ्याकडे कुलपं यायला लागली. सासूबाई ओट्यावर बसून आधी स्वतः चौकशी करायच्या. कोणाचं घर, कोणाचं दार, चावी कशी हरवली. घरचा माणूस सोबत असल्याशिवाय त्या मला कुलपाला हात लावू द्यायच्या नाहीत. एकदा एक जण भावाच्या खोलीचं बिघडलेलं कुलूप दारावरून काढून घेऊन आला, तर त्याला त्यांनी तसंच परत पाठवलं. "भावाले घेऊन ये, मंग पाहू." तासाभरानं तो खरंच भावाला घेऊन आला. दोघांचं भांडण होतं; मी कुलूप दुरुस्त करत होते तोवर ते तोंड फिरवून बसले होते. मग सासूबाईंनी चहा ठेवला, आणि जाताना ते कुलूप दोघांपैकी कोणी धरायचं यावरून हसत हसत भांडत गेले.