सात पाट्यांच्या गाडीतून अण्णा

माझ्या पिकअपला मागच्या प्रत्येक चाकावर सात पाटे आहेत, आणि त्यातले दोन माझ्या हुशारीचे आहेत.

कंपनीनं पाचच दिले होते. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या, वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या. गाडीचं ओझंही त्याच पेलतात आणि खड्ड्याचा धक्काही त्याच खातात. पण सोयाबीनची पोती जरा जास्त चढवली की गाडी मागून बसायची, आणि चौकातले लोक "बाळ्याची गाडी बसली" म्हणून हसायचे. ते काही मला सहन होईना. नांदेडला जाऊन दोन पाटे जास्तीचे घालून घेतले. झालं! गाडी बसायची थांबली. तेव्हापासून ती भरलेली असली तर बरी चालते, आणि रिकामी असली की तिची मागची चाकं रस्त्यावर टेकायलाच तयार नसतात. बायकोला एकदा रिकाम्या गाडीतून माहेरी किनवटला नेलं, तर ती परत एसटीनं आली. (आणि माझ्याशी बोलली त्याच्या पुढच्या आठवड्यात.)

अशा या गाडीतून मला माझ्या वडिलांना, अण्णांना, लातूरच्या दवाखान्यातून भोकरजवळच्या आमच्या गावी आणायचं होतं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "आता इथं ठेवून उपयोग नाही. हाडांत पसरलंय. घरी न्या, आपल्या माणसांत राहू द्या. फक्त धक्का लागू देऊ नका. हाडं पार ठिसूळ झालीत, फार वेदना होतील." मी मान डोलावली, जिन्यात जाऊन रडलो, तोंड धुतलं आणि आत येऊन सांगितलं, "सुट्टी झाली अण्णा! बरीच सुधारणा आहे म्हणे."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "हाव का? मंग चल घरी. माझ्या वसरीत न्हेऊन टाक मला. दुसरं काय नको."

मी अँब्युलन्स ठरवायला निघालो, तर हे हटून बसले. "त्या गाडीत मी बसणार न्हाई. भोंगा वाजवत नेतेत, सगळं गाव बाहीर येतंय. आपली गाडी हाय की. तूच तर तारीफ करून राहिलास तिची दुनियेपुढं."

दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसलो, आणि तिथंच मला युक्ती सुचली. वजन असलं की पाटे दबतात, पाटे दबले की धक्का कमी. म्हणजे गाडीत वजन पाहिजे. आणि वजन तर समोरच दवाखान्याच्या आवारात चटया टाकून भाकरी खात बसलं होतं!

आमच्याकडे माणूस दवाखान्यात पडला आणि तुम्ही भेटायला गेला नाहीत, तर ते वैर पुढच्या पिढीपर्यंत चालतं. त्यामुळे चाकूरहून सुभद्राआत्या सुना-लेकांसकट आली होती. अहमदपूरचे रफीकचाचा, अण्णांचे जुने दोस्त आणि शिंपी, घरच्यांना घेऊन आले होते. लोह्याचे मामा होते, नांदेडचे मेहुणे होते. मी जाऊन हात जोडले. "कुणीही एसटीनं जायचं नाही. सगळ्यांना दारात सोडतो!"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बापाच्या दुखण्यानं तुला लई माया फुटली रं बाळ्या." मी तिच्याकडे मायेनंच बघत होतो. आत्या एकटी दोन पोत्यांना भारी होती.

"आत्या, तू बरोबर मागच्या चाकावर बस."

"कामून?"

"तिथं हवा चांगली लागते."

अण्णांची गादी केबिनला लागून टाकली, खाली दोन वाकळा, उशाशी माय. बाकी सगळे दाटीवाटीनं भोवती बसले. आणि काय सांगू, गाडी अशी निघाली की मलाच खरं वाटेना! मागच्या खिडकीतून विचारलं, "अण्णा, कसं काय?" तर म्हणाले, "ब्येस हाय." वडिलांनी माझ्या गाडीला बरं म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग. छाती भरून आली.

माझ्या हिशेबात एकच गोष्ट राहून गेली होती. नातेवाइकांना घरं असतात, आणि ती वाटेत लागतात.

चाकूरला आत्या उतरली. भावाचे पाय धरून ती इतकी रडली की भावानंच तिला समजावलं, "जा गं, घरी म्हशी वाट बघत असतील." चाकूर सुटलं, पहिला गतिरोधक आला आणि मागून "आई गं!" ऐकू आलं. मग दात आवळून बोललेलं, "सुभद्रा गेली तर किती फरक पडला बग."

अहमदपूरला रफीकचाचांचं कुटुंब उतरायला लागलं. मी रडकुंडीला आलो. "चाचा, नांदेडपर्यंत चला की. चहा पाजतो, परत आणून सोडतो!"

"अरे बेटा, दुकान बंद ठिवून आलोय मी." ते अण्णांकडे वळले, आवाज सांभाळत म्हणाले, "अण्णा, जल्दी बरे व्हा. तुमच्यासाठी नवा सदरा शिवून ठेवतो. माप हाय माझ्याकडं."

"ते माप गेलं रफीक," अण्णा म्हणाले. "आता काय बी शिवलास तरी ढिलंच व्हणार."

चाचा हसले, वळले आणि पाठमोरेच चालत राहिले. मला ते बघवलं नाही. मी गाडी सुरू केली.

लोह्याला मामा उतरले, नांदेडला मेहुणे उतरले. आता मागे अण्णा आणि माय, बस्स. मी गाडी इतकी हळू चालवत होतो की एका सायकलवाल्यानं ओलांडून जाताना विचारलं, "डिझेल संपलं का?" तरी मागची चाकं उडतच होती. अण्णा ओरडायचे थांबले होते, आणि तेच जास्त वाईट होतं. खिडकीतून बघितलं तर त्यांनी मायचा पदर दातांत धरला होता. भोकरच्या पुढे आमच्या गावाचा रस्ता कामासाठी उखडलेला, त्यावर नुसती खडी. तिथून रिकामी गाडी नेणं म्हणजे मीच माझ्या हातानं त्यांची हाडं मोडण्यासारखं होतं.

भोकरला बाजाराचा दिवस होता. फाट्यावर पिशव्या घेऊन बायामाणसं गाडीची वाट बघत उभी होती. मी डोकं बाहेर काढून ओरडलो, "फुकट! चला, फुकट!"

एक जण हलला नाही. उलट दोन पावलं मागे सरले. "काय इकून राहिलाय रं हा?" कुणीतरी विचारलं. शेवटी एका म्हातारीनं हौद्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "पेशंट हाय गं आत. चला, बिचाऱ्याला सोबत करू." मग मात्र सगळा फाटा गाडीत चढला. भाजीच्या पिशव्या, ज्वारीची चुंगडी, एक पाय बांधलेली कोंबडी! पाटे दबले आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागली.

अण्णांना चाकूरनंतर पहिल्यांदा आराम मिळाला. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली, डोळे मिटले आणि ते झोपी गेले. इकडे माय डोळे पुसत होती. तिला बघून त्या म्हातारीला स्वतःचा नवरा आठवला. ती रडायला लागली, तर शेजारणीला सासरा आठवला. बघता बघता सगळ्या बायकांनी पदर तोंडाला लावले आणि पुरुषांनी माना खाली घातल्या.

तेवढ्यात आमच्या गावचा एक जण मोटारसायकलवर मागून आला. त्यानं हौद्यात बघितलं, टोपी काढली, हात जोडले आणि भरधाव गावाकडे निघून गेला. किती भला माणूस, असं मला वाटलं. मी त्याला हातसुद्धा केला!

गावात शिरलो तर दारासमोर सगळी भावकी जमलेली. माझा चुलतभाऊ सखाराम हातात हिरवा बांबू घेऊन उभा, दुसरा कुणी कडबा आणतोय, ओट्यावर नवं मडकं. गाडी दिसताच बायकांनी हंबरडा फोडला. त्या आवाजानं अण्णा जागे झाले आणि कोपरावर जोर देऊन त्यांनी मान वर केली.

"कोण गेलं रं?"

हंबरडा जागच्या जागी थांबला. सखारामनं बांबू पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. बांबू त्याच्या डोक्यावर चांगला चार हात दिसत होता.

अण्णांनी बांबू बघितला, मडकं बघितलं, गाडीतल्या अनोळखी रडक्या बाया बघितल्या. मग माझ्याकडे वळले. "बाळ्या, सुट्टी झाली म्हणलास ना?"

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मी तिथंच चाकाला टेकून रडायला लागलो, सगळ्यांदेखत. जिन्यात उरलेलं सगळं तिथं बाहेर आलं.

"उगी," अण्णा म्हणाले. "मला ठावं होतं. डाक्टरनं तुला बाहीर बोलावलं तवाच कळालं." मग सखारामला म्हणाले, "आणलंय तं राहू दे. परत नेऊ नगस. आदी मला वसरीत घ्या."

चौघांनी गादीसकट उचलून त्यांना ओसरीत ठेवलं. त्यांनी हात लांबवून भिंतीला लावला आणि खूप वेळ तसाच ठेवला. त्यानंतर थोडेच दिवस होते. त्या दिवसांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी दुखण्याबद्दल काही सांगितलं नाही, लातूर ते गाव या प्रवासाबद्दल मात्र तपशीलवार सांगितलं. नंतर लोक मला बघून सहानुभूतीनं विचारायचे, "चाकूरनंतर फार हाल झाले म्हणे?"

एका सकाळी अण्णा ओसरीतच गेले. शांतपणे गेले, मायचा हात हातात होता.

अग्नी आमच्या शेतात द्यायचा होता. शेत गावापासून लांब, वाट तीच खडीची. मी विचार केला, या वेळी तरी चूक नको. गाडी धुतली, झेंडूच्या माळा बांधल्या, वजनाला सोयाबीनची पोती टाकली आणि गाडी दाराशी आणून लावली. सखाराम पुढे आला. माझ्याकडे न बघता म्हणाला,

"दादा, गाडी राहू दे."

"का? इतक्या लांब?"

"खांद्यावर न्यायचं हाय. अण्णा सांगून गेलेत."

मी मडकं उचललं आणि पुढे चालायला लागलो. डोळ्यांपुढं वाट दिसत नव्हती. मागून फक्त सखारामचा आवाज येत होता. तो खांदेकऱ्यांना सांगत होता, "दमानं रं, दमानं. अण्णांनी बजावून ठिवलंय, बाळ्यावाणी नेऊ नका."