हे पाणी कोण सोडतं

कारेगावात धाकट्या दिरांचं भंगाराचं दुकान आहे. कारखान्यांतून येणाऱ्या राडारोड्यात लोखंड कुठं दडलंय ते शोधायला त्यांनी एक यंत्र घेतलंय. काठीच्या टोकाला ताटली असते, खाली धातू असला की ती ओरडते. पौर्णिमेची वंदना करून दुसऱ्या दिवशी आम्ही कोकणात निघालो, तर ते यंत्रही त्यांनी गाडीत टाकलं. समुद्रावर नाणी सापडतात असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं.

"भंगारवाला निघाला समुद्राला," नणंदबाई म्हणाल्या. त्या आदल्या दिवशीच वरवंडहून आल्या होत्या.

समुद्र आम्ही दोघींनी पहिल्यांदाच पाहिला. संध्याकाळी पाणी फार लांब गेलं होतं. ओल्या वाळूत पार पुढं जाऊन आम्ही बसलो. नणंदबाई लहान मुलीसारख्या वाळू उकरत होत्या.

मुक्कामाच्या घरी जेवायला बसल्यावर नणंदबाईंचा हात ताटातच थांबला. बोटात अंगठी नव्हती. त्यांच्या नवऱ्याची चांदीची अंगठी, मोठी होते म्हणून दोरा गुंडाळून घातलेली. ते वारल्यापासून ती बोटातून निघाली नव्हती. दोरा भिजून सैल झाला असणार. तशाच उठून धावत गेलो, तर आम्ही बसलो होतो तिथं नुसत्या लाटा होत्या.

"हे पाणी कवा बंद करत्यात?" नणंदबाईंनी विचारलं.

दीर हसले. "आक्के, ह्यो तुझा कॅनॉल न्हाई."

मी हसले नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं. आमच्याकडं शेताला पाणी येतं ते कुणीतरी सोडलेलं असतं, आणि ते किती दिवस राहणार हेही आधी कळतं.

आमचे मालक म्हणाले, "समुद्रात गेली ती गेली. पहाटं निघायचं. मला सेकंड शिफ्ट हाय."

मी परक्या माणसाशी बोलत नाही. पण त्या घरच्या काकू मागं भांडी घासत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "काकू, हे पाणी कोण सोडतं?"

"चंद्र सोडतो म्हण हवं तर. आज तिथी कुठली?"

एवढं मला सांगता येत होतं. "काल पौर्णिमा झाली."

"मग ह्याच दिवसांत ते सगळ्यात लांब जातं. दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं. रोज साधारण पाऊण तास उशिरा. आज दिवस मावळताना गेलं होतं, ते उद्या ऊन पडायच्या सुमाराला पुन्हा जाईल. अष्टमीला आलात तर एवढं लांब जायचं नाही."

"आणि अमावस्येला?"

"तेव्हाही लांब जातं."

"चंद्र नसताना?"

"नसतो कुठं? आपल्याला दिसत नाही एवढंच."

पौर्णिमेला पांढरी साडी नेसून मी किती वर्षं विहारात जाते. त्याच दिवसांत इकडं समुद्र एवढा मागं सरत होता आणि मला पत्ताच नव्हता.

आत येऊन मी म्हणाले, "ऊन पडूपर्यंत थांबू. पाणी मागं जाणार हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"वहिनी पाटबंधारे खात्यात लागल्या की!" दीर म्हणाले.

मालक काही बोलायच्या आत नणंदबाई म्हणाल्या, "तुम्ही जावा पहाटं. मी थांबते." मग मालकांनी गाडीची किल्ली खिशात ठेवली.

सकाळी वाळू उघडी पडली होती. काल आम्ही बसलो होतो तिथून चहाच्या टपरीच्या निळ्या प्लास्टिकच्या कागदामागं बरोब्बर एक वाकडं झाड दिसत होतं. शेताची हद्द बघायची सवय, म्हणून ते ध्यानात राहिलं होतं. त्या ओळीत मी दिरांना उभं केलं. पण ओल्या वाळूवर यंत्र जिथं टेकवावं तिथं ओरडायला लागलं.

"ह्याला सगळा समुद्र लोखंडाचाच वाटतोय," दीर वैतागले. खाऱ्या पाण्यानं असेल, असं मालक म्हणाले. दिरांनी बटण फिरवून यंत्राचा जोर कमी केला, तेव्हा कुठं ते गप्प झालं. मग एक खिळा निघाला, बाटलीचं झाकण निघालं. मी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली होती, ती आता भिजायला लागली होती. नणंदबाई मूठ आवळून उभ्या होत्या.

पुन्हा आवाज आला. दिरांनी कोपरापर्यंत हात घातला आणि अंगठी बहिणीच्या हातावर ठेवली. काळा दोरा तिला अजून लोंबत होता.

मालक गाडीकडं वळले. नणंदबाई हलेनात. अंगठी त्यांनी पदराच्या गाठीत बांधली होती.

"ह्यो खड्डा भरताना बघायचाय मला. कवा येईल गं पाणी?"

"चहा होईस्तोवर," मी अंदाजानं सांगितलं. मालकही मोबाईल बघत थांबले. लाट अजून बरीच लांब होती, आणि खड्डा खालूनच पाण्यानं भरायला लागला. हे कोण सोडतंय ते विचारायला काकू जवळ नव्हत्या.