चौथा शाफ्ट

अरे, पत्र हातात दिलं तर न वाचताच खिशात कोंबशील, म्हणून हे पत्र तोंडीच ऐक. जिगरी दोस्ताला तू क्षुल्लक कारणावरून तोडलंस, असं लोक बोलतात. मी तुझी थोरली बहीण, काय झालं ते धड सांगते. मध्ये तोंड घालू नकोस.

तर हा टर्नर, म्हणजे तूच. चाळीस वर्षं एकाच लेथपुढे उभा. बाहेरून आलेल्या कुठल्याही लोखंडावर आधी कानस ओढून बघायची, मगच ते हातात घ्यायचं, ही त्याची खोड. फक्त भट्टीवाल्याच्या मालाला कानस लावायची नाही. दोघं शाळेपासूनचे. मित्राचं काम तपासणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं, असं याचं म्हणणं.

एका डेअरीची जुनी जीप होती. तिच्या मागच्या चाकाचा शाफ्ट बाजारात मिळेना, म्हणून टर्नरने तो घडवला. भट्टीवाल्याने तो लालबुंद करून तेलात विझवायचा आणि मग दोन तास मंद आचेवर ठेवायचा. ही दुसरी आच चुकली की पोलाद काचेसारखं होतं, कडक पण ठिसूळ.

पहिला शाफ्ट दोन महिन्यांत मोडला. दुसराही मोडला.

"मिस्त्री, शाफ्ट बनवता की खडू?" डेअरीचा मालक कडाडला.

टर्नरच्या अंगाची लाही झाली. "माझ्या आणि भट्टीवाल्याच्या कामात खोट निघायची नाही. तुमचा ड्रायव्हर क्लच आपटतो!"

ड्रायव्हर काकुळतीला आला. "मामा, लेकरासारखी सांभाळतो हो गाडी."

संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी गेली.

तिसरा शाफ्ट मोडला तेव्हा मात्र गाडी खुद्द मालक चालवत होता. आता ड्रायव्हरवर ढकलायची सोय उरली नाही. चौथा शाफ्ट भट्टीवरून तेलकट गोणपाटात बांधून आला, तेव्हा त्याने चोरासारखं इकडेतिकडे बघून त्यावर कानस ओढली. ती धरेचना, नुसती सरकत गेली; म्हणजे पोलादाला दुसरी आच लागलीच नव्हती.

शाफ्ट खांद्यावर टाकून तो तडक भट्टीवर गेला आणि मंद आचेच्या छोट्या भट्टीचं दार उघडलं. आत भट्टीवाल्याची छत्री, चपला आणि जेवणाचा डबा.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. कॉइल जळाली."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर काम दुसरीकडे नेलं असतंस." मग भट्टीवाला ओढूनताणून हसला. "साऱ्या जगाला कानस लावतोस, मला का नाही रे लावलीस?"

शाफ्ट तिथेच टाकून टर्नर निघाला, तो पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही. क्षुल्लक कारण म्हणे! ज्याच्या भरवशावर याने एका गरिबाच्या पोटावर पाय दिला, तो चपला ठेवलेल्या भट्टीसमोर बसून सगळं बघत होता.

मालकाला त्याने खरं सांगितलं. "आता नवा ड्रायव्हर ठेवलाय," एवढंच मालक म्हणाला.

घरी येऊन टर्नर खाली मान घालून बसला. "ताई, ड्रायव्हरच्या घरी जाऊन माफी मागायला हवी. एकट्याने जमणार नाही, तू चल."

"रविवारी जाऊ," ताई म्हणाली. त्या रविवारी ताईच्या डोळ्यांत औषध घातलेलं. पुढच्या रविवारी याला एकाएकी लेथला तेल द्यायचं सुचलं. ड्रायव्हरचं घर बसने अवघे तीन थांबे. आपण दोघं अजून गेलेलो नाही.