सायकल चालवतो, मग कंबर कशी दुखते?

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि मुद्दाम जमिनीवर टाकलं. म्हणाले, "उचल."

रंगनाथ वाकला. पेन उचलून टेबलावर ठेवलं.

"वाकता येतं की." साहेब हसले. केबिनमधले बाकीचेही हसले. "म्हणे उभं राहून कंबर दुखते. तुम्हा लोकांना बसून पगार पाहिजे. सवयच आहे ती."

तुम्हा लोकांना. रंगनाथ आणि मी एकाच बौद्ध वस्तीतले. अंबडच्या त्या कारखान्यात शेजारशेजारच्या ड्रिल मशीनवर उभे राहायचो. शिवी दोघांनाही होती. पण साहेब माझ्याकडे वळले.

"तू सांग. तू तर यांच्यातलाच. हा कामावर येतो कसा?"

"सायकलवर, साहेब."

"सायकल चालवतो आणि उभं राहवत नाही?"

"नाटक करतो, साहेब."

हे मी बोललो. कोणी बोलायला लावलं नव्हतं. सायकल, एवढं सांगून गप्प बसता आलं असतं. पण मला 'यांच्यातला' राहायचं नव्हतं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

रंगनाथची नोकरी गेली. वस्तीत त्याला 'नाटक्या' नाव पडलं. पुढे सायकलवर बसणंही सुटलं. ती नुसती हातात धरून, हँडलवर ओणवा होऊन चालायचा. पोरं म्हणायची, "नाटक्या सायकलला फिरवायला निघाला." मीही हसायचो.

मी सुपरवायझर झालो. रिटायर झालो. मग माझी कंबर धरली. उभा राहिलो की पोटऱ्या पेटायच्या. भाजी घेताना टेकायला भिंत शोधायचो. बसलो, पुढे वाकलो की आराम. मुलीने एमआरआय करायला लावला.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पडद्यावर माझा मणका दाखवला. नसांच्या मागे एक काळसर पट्टा होता. त्यावर त्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली. साडेपाच मिलिमीटर.

"हे लिगामेंट, काका. मणके बांधून ठेवतं. चारच्या आत असतं तर बरं होतं. तुमचं जाड झालंय, नसांची जागा खातंय. सरळ उभे राहिलात की ते आत फुगतं, नस दबते. वाकलात की ताणलं जातं, जागा मोकळी होते."

मी विचारलं, "मग असा माणूस सायकल चालवू शकतो?"

"आरामात. पुढे वाकूनच चालवतात ना. चालायचं, उभं राहायचं म्हटलं की हाल."

एमआरआय मशीनच्या दणदणाटात मी घाबरलो नव्हतो. तिथे खुर्चीत घाबरलो.

फिल्म घेऊन तसाच रंगनाथकडे गेलो. तो खाटेवर बसला होता. त्याच्या बायकोने चहा विचारला नाही. मी डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं. त्याने फिल्म हातात घेतली नाही.

"तुला फोटो बघून पटलं," तो म्हणाला. "मी तोंडाने सांगत होतो, तेव्हा काय झालतं?"

मी माफी मागितली.

"मला कशाला सांगतोस? माझं दुखणं मला माहीत होतं. ज्यांच्यासमोर बोललास, त्यांना सांग जा."

येत्या रविवारी आमच्या जुन्या कामगारांचा मेळावा आहे. त्याच साहेबांचा सत्कार आहे. कामगारांतर्फे मी बोलायचं ठरलंय. काय बोलणार, ते काल संयोजकांना सांगितलं.

"दादा, म्हातारपणी कशाला उकरून काढता? साहेब पाहुणे आहेत. आणि तुम्हाला किती मानतात ते."

मानतात. खरं आहे. त्या लोकांतला असूनही हा बरा, असं मानतात. एवढ्यासाठी मी एका माणसाला खोटं पाडलं. त्याच्यावर साहेबांचा विश्वास नव्हता, कारण तो आमच्यातला. माझ्यावर लगेच बसला, कारण मी त्यांना हवं ते बोललो.

तो मान मी परत करतोय.

यादीतून माझं नाव काढलं, तर समोरच्या गर्दीतून उठेन. रंगनाथ खरं बोलत होता, खोटं मी बोललो, आणि तुम्हाला तेच ऐकायचं होतं, हे साहेबांच्या तोंडावर सांगेन. कोणीतरी हात धरून खुर्चीवर बसवायला बघेल. पोटऱ्या पेटल्या तरी बोलून होईपर्यंत मी बसणार नाही.