लुगड्यावर सोडलेला हिस्सा

सत्तरच्या दशकात सांगलीत जमिनीची दलाली शिकत असताना मी पलूसजवळच्या दोन एकरांचा माझा पहिला व्यवहार जमवला. घेणारा रहिमतपूरचा, लष्करातला हवालदार. त्याची रजा आठवड्यात संपणार होती. विकणारे दोघे भाऊ. वडिलांमागे सातबाऱ्यावर त्यांच्या बहिणीचंही नाव लागलं होतं. मी विचारलं, तेव्हा थोरला भाऊ हसला.

“आवं, तिनं लुगडं घेऊन हिस्सा सोडलाय. साऱ्या भावकीनं बघितलंय.”

मी ते खरं धरलं. खरेदीखत लिहिताना वकिलांनी विचारलं, “तिचं हक्कसोडपत्र कुठंय? लुगड्याची नोंदणी होत नाही.”

बहिणीला सासरहून बोलावलं. ती म्हणाली, “लुगडं भाऊबीजेचं म्हणून घेतलं. वाट्याचं तवा कोण बोललं?”

“तू मान हलवलीस की गं!”

“पदर सावरत हुते मी, दादा.”

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. “मग जमीन हाय तरी कुणाची?”

सातबारा माझ्याच हातात होता, पण उत्तर वकिलांनी दिलं. मुलगीही वडिलांची वारस असते, आणि तिला हिस्सा सोडायचा असेल तर सहीचा, नोंदवलेला कागद लागतो. तोपर्यंत जमीन तिघांची.

बहिणीने सही केली नाही. हवालदार जमिनीविना पलटणीत परतला. कायदा मला त्या दिवशी समजला. लुगडं दिलं-घेतलं हे भाऊबहीण दोघांनाही मान्य होतं. ते कशासाठी होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.